बंब कामून विझायलाय?

एका तांब्याच्या बंबापायी आमच्या घरात एका बाईला चोर ठरवलं गेलं. त्याला आता किती वर्षं झाली, तरी सांगायला बसले की माझा आवाज चढतो. मुलं म्हणतात, "आई, बंबाची गोष्ट ती! त्याचा कसला एवढा राग?" राग बंबाचा नाही. म्हणून एकदा सगळं नीट सांगते.

मी लग्न होऊन बीदरला आले तेव्हा निजामाचा अंमल जाऊन थोडीच वर्षं झाली होती. कचेरीतले निम्मे कागद अजून उर्दूतच असायचे. माझे सासरे त्या कचेरीत कारकून होते. त्यांचं उर्दू अक्षर इतकं वळणदार, की वरचे अंमलदारसुद्धा नकला त्यांच्याकडूनच करून घ्यायचे. आमचं घर लिंगायत. पहाटे आंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय सासरे पाण्याचा घोटही घ्यायचे नाहीत. घरात सगळे त्यांना अप्पा म्हणत आणि सासूबाईंना अव्वा. बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी. रागवायचं असलं की मात्र सगळं मराठीत.

परसात न्हाणीला लागून तो बंब होता. कमरेइतका उंच, मधोमध उभा नळा. नळ्यात वरून तुराट्या, धसकटं, गोवरीचे तुकडे टाकायचे. ते खाली जाळीवर जळायचे आणि नळ्याभोवतीचं पाणी तापायचं. तोटी फिरवली की कढत पाणी. बीदरच्या त्या तांबड्या दगडाच्या माळावर मार्गशीर्षातला पहाटवारा हाडात शिरतो. गरम पाणी तिथं चैन नव्हती.

बंबाचं काम एका बाईकडे होतं. जवळच्याच कमठाणा गावची, नवरा लवकर गेलेली, वयानं अव्वांपेक्षा मोठी. मी आले त्याच्या आधी वीसेक वर्षं ती त्या घरात होती. माझ्या नवऱ्याला तिनंच अंगाखांद्यावर खेळवलेलं. परसातल्या खोपीत राहायची आणि सगळ्यांच्या आधी उठायची. मी तिला मावशी म्हणायची. नव्या नवरीला कुणी विचारत नव्हतं तेव्हा तीच मला हळूच म्हणायची, "पोरी, आधी तू न्हाऊन घे. मग गर्दी व्हतीय."

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी बंबाचा नळा झिजला म्हणून अप्पांनी तो तांबटाकडे दिला. तांबट अप्पांचा जुना मित्र, संध्याकाळी एकत्र बसणारा. नवा नळा बसवून, चिंचेनं घासून लखलखीत करून त्यानं बंब परत पाठवला. आणि दुसऱ्याच दिवसापासून तो विझायला लागला.

विझायचा म्हणजे कसा? पेटायचा अगदी छान. पाणी कोमट व्हायचं, चांगलं गरम व्हायचं, आणि कढायच्या बेताला आलं की विस्तव मलूल. धूर, धूर आणि धूर. मावशी जाळी उचकायची, राख काढायची, पुन्हा पेटवायची. पुन्हा पेटायचा. पुन्हा थोड्या वेळानं विझायचा. एका आंघोळीला तीन-तीनदा पेटवावा लागायचा. सरपण तर दुप्पट जायला लागलं.

"आतून चुर्र वाजतंय अप्पा," मावशी सांगायची. "दुरुस्तीहून आल्यापासून असं करायलाय."

अप्पांनी बंब पुन्हा तांबटाकडे पाठवला. तांबटानं आडाचं गार पाणी काठोकाठ भरून तो अर्धा दिवस फळीवर ठेवला. एक थेंब गळला नाही. त्यानं निरोप दिला, "बंबात काही दोष न्हाई. पेटवणाऱ्याच्या हातात दोष हाय."

मग एका सकाळी अप्पा स्वतः परसात आले. धोतर आवरून पाटावर बसले, स्वतःच्या हातानं बंब पेटवला. दहा मिनिटं बसले. जाळ कसा सरळ, निळसर. "बघ," ते मावशीला म्हणाले, "पेटायलाय की न्हाई? तू पेटवून निघून जायलीस, म्हणून विझायलाय."

"अजून जरा बसा अप्पा. आत्ता विझतोय बघा."

"मला कचेरी न्हाई का?" ते उठले. ते उंबऱ्याच्या आत गेले असतील नसतील, तोच बंबातून चुर्र आवाज आला आणि धूर उठला. मी न्हाणीच्या दाराशी उभी होते. मी ते ऐकलं आणि पाहिलंही. मावशीनं माझ्याकडे बघितलं. मी अप्पांना हाक मारायला हवी होती. नाही मारली. डोक्यावरचा पदर सारखा करत तशीच उभी राहिले. नव्या सुनेनं सासऱ्यांना हाक मारायची नसते, हे मला माहेराहून पढवून पाठवलं होतं. त्या पढवण्याचाही मला आज संताप येतो.

चारच दिवसांत सरपणाची गोष्ट निघाली. अव्वा म्हणाल्या, "तुराट्यांची गंजी निम्मी झाली. जळून गेली म्हणावं तर पाणी तापंना. मग जायल्यात कुठं?" शेजारची एक बाई म्हणाली, तिला मावशी गल्लीच्या तोंडाशी कुणाशी तरी बोलताना दिसली होती. एवढंच. बोलताना दिसली होती! त्या एवढ्याशा धाग्यावर अप्पांनी निवाडा केला, की मावशी सरपण विकते आणि बंबात कमी घालते, म्हणून तो विझतो.

मावशी ओरडली नाही. फक्त म्हणाली, "वीस वरसं झाली, अप्पा."

"म्हणूनच पोलिसात देत न्हाई," अप्पा म्हणाले.

तिनं खोपीतलं आपलं बोचकं बांधलं आणि कमठाण्याला भावाकडे निघून गेली. जाताना माझ्या नवऱ्याच्या तोंडावरून हात फिरवला. तो खाली बघत राहिला.

मग बंब माझ्याकडे आला.

त्याच सुमाराला थोरल्या नणंदबाई बाळंतपणाला आल्या होत्या. मी त्यांना अक्का म्हणायची. मुलगी झाली, किरकोळ अंगाची, पण आवाज खणखणीत. बाळंतिणीला आणि बाळाला रोज तेल लावून कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, वर शेक-शेगडी. आणि बंब तर मधेच मान टाकायचा. एकदा बाळ अव्वांच्या पायांवर, अंगाला तेल-पीठ लावलेलं, आणि तोटीतून पाणी आलं ते कोमट. मी चुलीकडे धावले. पातेलं तापेपर्यंत बाळ हुडहुडलं. दोन दिवस त्याची छाती घरघरत होती.

अव्वा म्हणाल्या, "तुझ्या माहेरी बंब नव्हता वाटतं?"

होता. उदगीरला माझ्या माहेरी बंब होता आणि वयाच्या दहाव्या वर्षापासून मी तो पेटवत होते. पण मी काही बोलायच्या आत अप्पा ओसरीवरून म्हणाले, "ती म्हातारी चोर तरी व्हती. हिला तर कामच येत न्हाई."

त्या रात्री मी जेवले नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, की हा बंब का विझतो ते मी शोधणार.

आधी सरपण. सगळ्या तुराट्या मी गच्चीवर तीन दिवस उन्हात वाळवल्या. मोडल्या की कडकन आवाज यायचा, इतक्या वाळल्या. तरी बंब विझला. मग जाळी. राख अडकून हवा बंद होत असेल म्हणून जाळी काढून वाळूनं घासली, भोकं काडीनं मोकळी केली. तरी विझला. मग वारा. परसाच्या बाजूनं गोणपाटाचा आडोसा बांधला. विझला. नळ्यातली काजळी काठीला चिंधी बांधून काढली, अंग सगळं काळं झालं. विझला. सरपण थोडं थोडं घातलं, एकदम घातलं, गोवरी खाली ठेवून तुराट्या वर ठेवल्या. विझला, विझला, विझला. प्रत्येक वेळी पाणी कढायच्या बेताला आलं की मगच. आणि विझायच्या आधी तो आवाज, चुर्र. मावशी खोटं बोलत नव्हती एवढं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण नुसतं माहीत असून काय उपयोग!

खरा उलगडा आडाच्या दोरामुळे झाला. एका सकाळी दोर तुटला. नवा येईपर्यंत घरात होतं तेवढं पाणी मी बंबात ओतलं. ते निम्म्यापर्यंतच भरलं. घाबरत घाबरत पेटवला. आणि तो विझलाच नाही! पाणी खळखळा उकळलं, वाफ निघाली, तरी खाली विस्तव लालभडक. मी तिथंच पाटावर बसून राहिले. अक्का आतून विचारत होत्या, "पाणी झालं का गं?" आणि मी वाकून पुन्हा पुन्हा विस्तव बघत होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा निम्माच भरला. विझला नाही. तिसऱ्या दिवशी काठोकाठ भरला. विझला.

म्हणजे सरपण नाही, वारा नाही, हात नाही. दोष नळ्याच्या वरच्या अर्ध्यात होता. तिथला सांधा गार असताना मिटलेला राहत होता आणि तापला की उघडत होता. त्यातून पाण्याची धार नळ्याच्या आतून खाली विस्तवावर येत होती. विस्तव विझला की तांबं निवायचं, सांधा मिटायचा, आणि बंब पुन्हा शहाण्यासारखा पेटायचा. तांबटानं गार पाणी भरून बघितलं होतं. त्याला शंभर वर्षं काही दिसलं नसतं.

खात्री करायला मी कपड्यांची नीळ पाण्यात कालवली आणि ते गडद निळं पाणी बंबात काठोकाठ भरलं. पेटवला. चुर्र वाजलं, धूर झाला, विस्तव गेला. सगळं निवल्यावर जाळी बाहेर काढली. ओल्या राखेत निळे ठिपके पडले होते. मग आरशानं उन्हाचा कवडसा नळ्यात सोडला. अर्ध्याच्या वर चार बोटं, सांध्यापासून खाली, काजळीवर निळा ओघळ स्पष्ट दिसत होता.

नवऱ्याला बोलावून दाखवलं. तो बराच वेळ आरसा हलवत बघत राहिला.

"पण त्यानं भरून दाखवला व्हता की," तो म्हणाला.

"गार पाण्यानं. आपण गार पाणी तापवायला बंब ठेवलाय का फक्त भरून ठेवायला?"

"अप्पांना काय सांगायचं?"

अप्पा तेव्हा कचेरीच्या कामानं आठ दिवस गुलबर्ग्याला गेले होते. "अप्पा नाहीत तोवरच जाऊ," मी म्हणाले. "आणि मी येणार." बाजारात, तांबटाच्या दुकानात, घरची सून! तो नको नको म्हणत होता. पण निळा ओघळ त्याच्या डोळ्यांपुढून जात नव्हता, मला दिसत होतं. हातगाडीवर बंब घालून आम्ही निघालो. अव्वांनी दारातून बघितलं आणि तोंड फिरवलं. अडवलं मात्र नाही.

तांबट मला बघून चपापला. मग नवऱ्याकडे बघूनच बोलू लागला. "पुन्हा आणला? मी सांगितलं न्हाई का अप्पांना? बायकांना जाळ घालता येत न्हाई, आन् नाव भांड्याचं."

"यात कढत पाणी भरून बघा," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे न बघताच म्हटलं, "भरून बघितलाय."

"गार. कढत भरा. तुमच्या भट्टीवर पाणी तापवा आणि भरा."

"दुकान उघडलंय ते धंद्याला, पाणी तापवायला न्हाई."

माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. मी म्हणाले, "तुमच्या एका शब्दावर वीस वर्षांची बाई घरातून गेली. चोर म्हणून गेली. तुम्हाला एक हंडा पाणी तापवायला जड जायलंय?"

रस्त्यावरची दोन-चार माणसं थांबली. दुकानाच्या फळीवर एक म्हातारे कारागीर बसले होते. काळ्या भांड्यावर चांदीची तार ठोकणारे, बोटांची टोकं कायमची काळी झालेले. आपलं काही भांडं न्यायला आले असावेत. ते शांतपणे म्हणाले, "पानी गरम करके डालो ना मियाँ. बाई सच बोल री क्या झूट, पानीच बोलेगा."

तांबटाला मग नाही म्हणता येईना. त्यानं धुसफुसत हंडा चढवला. पाणी उकळेपर्यंत मी पदर धरून उभी होते. नाही गळलं तर? नुसत्या ओतलेल्या पाण्यानं सांधा तेवढा तापलाच नाही तर? मग मी बाजारात तमाशा करणारी सून, आणि मावशी कायमची चोर.

बंब दोन विटांवर ठेवून उकळतं पाणी काठोकाठ ओतलं. खाली कोरडी परात ठेवली. काही नाही. तांबट हसला. "बघा," तो म्हणाला.

"थांबा जरा," मी म्हणाले. अप्पा थांबले नव्हते, निदान यानं तरी थांबावं.

आणि परातीत टण्णकन थेंब पडला. मग दुसरा. मग तर नळ्यातून सारखी टिपटिप लागली.

म्हातारे कारागीर उठले, आरशानं आत उजेड पाडून बघितलं, आणि म्हणाले, "पीतल का डाग नै है ये. कथील का है. थंडा रहे तो बंद, गरम हुआ तो खुलता." म्हणजे सांधा पितळेनं जोडलाच नव्हता, स्वस्तातल्या कथलानं जोडला होता. मग तांबटाकडे वळून एवढंच म्हणाले, "ऐसा काम नै करना." तेवढं बोलून ते आपलं भांडं घेऊन निघून गेले.

तांबटाचा चेहरा उतरला. पण माझ्याशी एक शब्द बोलेल तर शपथ. माझ्या नवऱ्याला म्हणाला, "घाईत राहून गेलं असंल. परवा घेऊन जावा." घाईत! त्यानं सांधा पुन्हा जोडला, पितळेनं. बंब घरी आला आणि मग एकदाही विझला नाही.

अप्पा गुलबर्ग्याहून आले. नवऱ्यानं त्यांना सगळं सांगितलं. मी आत कान देऊन उभी होते. अप्पा म्हणाले, "शेवटी सापडला ना दोष त्याला? चांगला कारागीर हाय तो."

त्याला! पुढं कित्येक महिने पाहुण्यांना ते असंच सांगत राहिले, की तांबटानं मोठ्या हुशारीनं बारीक दोष हुडकून काढला. माझं जाऊ दे. पण मावशीचं नाव त्यांच्या तोंडून निघेना. मी धीर करून अव्वांना म्हटलं, "मावशीला बोलवायला पाहिजे." अव्वा तांदूळ निवडत होत्या. "बोलव की," त्या म्हणाल्या, "कोण नको म्हणतंय?" जणू ती आपल्या मनानंच गेली होती.

पुढच्या सोमवारी नवऱ्याला घेऊन मी बैलगाडीनं कमठाण्याला गेले. मावशी भावाच्या अंगणात हरभऱ्याची भाजी खुडत बसली होती. दोन महिन्यांत केवढी वाळली होती. आम्हाला बघून उठली, पाणी दिलं, बाळ-बाळंतिणीचं विचारलं. मग मी तिला सगळं सांगितलं. दोर, नीळ, परात, कथील. ती ऐकत होती, मधेच हसलीसुद्धा. निळीचं ऐकून म्हणाली, "हे मला सुचलं न्हाई बघ."

"मावशी, घरी चल," माझा नवरा म्हणाला.

"अप्पांनी बोलावलंय?"

त्यानं माझ्याकडे बघितलं.

"व्हय की न्हाई, सांग."

"न्हाई."

मावशी पुन्हा भाजी खुडायला बसली. "मी बोलत व्हते तवा कुणी ऐकलं न्हाई," ती म्हणाली. "आता परातीत पाणी पडलं म्हणून तुम्ही आलाव. माझ्या तोंडापरीस पाण्याच्या थेंबाला किंमत जास्ती, व्हय ना? मग मी तिथं येऊन काय करू?"

मी म्हणाले, "त्या दिवशी मी न्हाणीच्या दारात होते. मी बघितलं होतं. बोलले नाही."

"मला ठाव हाय," ती म्हणाली. त्यात राग नव्हता, आणि क्षमाही नव्हती.

ती आली नाही. निघताना तिनं अक्कासाठी भाजीचं गाठोडं दिलं. ते मी घेतलं, आणि घेताना मला लाज वाटली. भावाकडे ती तीन वर्षं राहिली आणि तिथंच गेली. आमच्या घरून मातीला माझा नवरा एकटा गेला होता. अप्पांनी तेव्हा त्याला अडवलं नाही, आणि ते स्वतः गेलेही नाहीत.

नवरा मला पुष्कळदा म्हणायचा, "झालं गेलं. अप्पांचं वय झालंय. सोड आता." मी सोडलं नाही. घरी कुणी पाहुणा आला आणि अप्पा तांबटाच्या हुशारीचं सांगायला लागले, की मी चहाचे कप ठेवता ठेवता तिथंच म्हणायची, "दोष पहिल्यांदा मावशीनं सांगितला होता, अप्पा. आतून चुर्र वाजतंय म्हणून." पहिल्या वेळी ते माझ्याकडे डोळे वटारून बघत राहिले. दुसऱ्या वेळी उठून आत गेले. तिसऱ्यांदा एका पाहुण्यानं विचारलं, "मावशी कोण?" अप्पांनी काही सांगितलं नाही. मग मीच सांगितलं, सगळं, पहिल्यापासून, त्यांच्यासमोर उभी राहून. त्यानंतर अप्पांनी बंबाची गोष्ट कुणाला सांगितली नाही.